ब्रुकवुडचे मामा-भाचे

लंडनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याला महिनाअखेरीस परवडतील अशा जागा मोजक्याच असतात, आणि त्यांत जुन्या दफनभूमींचा नंबर मी तरी बराच वर लावीन. वॉटर्लूहून गाडीत बसले की तासाभराच्या आत सरे परगण्यातले ब्रुकवुड येते आणि स्थानकाला लागूनच ब्रिटनमधली सर्वांत मोठी दफनभूमी पसरलेली दिसते.

१८४८-४९ च्या पटकीच्या साथीनंतर लंडनमधल्या चर्चच्या आवारांत मृतांना जागा उरेना, तेव्हा एका कंपनीने शहराबाहेरचे हे माळरान घेतले, १८५४ मध्ये दफनभूमी सुरू केली आणि तिथवर खास अंत्ययात्रेची आगगाडी चालवली. त्या गाडीत शवपेट्यांनाही पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग होता. नातलगांना परतीचे तिकीट मिळे, शवपेटीला अर्थातच एकेरी. हिशेबाला चोख असलेल्या कंपनीने यात विनोद पाहिला असेल असे वाटत नाही. अँग्लिकनांचे डबे वेगळे, इतर पंथीयांचे वेगळे, आणि दफनभूमीच्या आत दोघांची स्थानकेही वेगळी. ज्यांनी हयातभर एकमेकांशेजारी बसायचे टाळले, त्यांची ही शेवटची सोयही कंपनीने सांभाळली. १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात लंडनमधले स्थानक उद्ध्वस्त झाले आणि ती गाडी कायमची थांबली.

मला मात्र पाहायचा होता तो पारशांचा भाग. मलबार हिलवर दोखमे, म्हणजे पारशी आपले मृतदेह उघड्यावर ठेवतात ते मनोरे, आहेत; इंग्लंडात ते नाहीत. त्यामुळे १८६२ पासून इथल्या पारशांनी ब्रुकवुडमध्ये स्वतःची जागा राखली. प्राचीन इराणी धाटणीच्या दगडी समाध्या, त्यांवर साचलेले ओलसर शेवाळ आणि अवतीभवती दाट, उंच झाडी. मे १९०४ मध्ये जर्मनीत वारलेले जमशेटजी टाटा इथे विसावले आहेत. मुंबईच्या ताज महाल हॉटेलसमोरून शेकडो वेळा गेलो असेन, पण तो उभारणाऱ्या माणसाची समाधी सरेमध्ये आहे, हे मला तिथे शिकायला जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

त्यांच्याच सान्निध्यात त्यांचे भाचे शापुरजी सकलातवाला यांच्या अस्थी आहेत. मामांच्या उद्योगासाठी ऐन तारुण्यात लोखंडाच्या खाणी शोधत रानोमाळ हिंडलेला हा माणूस पुढे इंग्लंडला आला, मजूर चळवळीत शिरला आणि १९२४ मध्ये लंडनच्या बॅटरसी नॉर्थमधून कम्युनिस्ट म्हणून ब्रिटिश संसदेत निवडून गेला. १९३६ मध्ये वारल्यावर त्यांना आणले ते भांडवलदार मामांच्याच शेजारी. मृतांच्याही तिकिटांचे वर्ग पाडणाऱ्या या दफनभूमीत मालकवर्ग आणि कामगारांचा कैवारी असे एकाच कुंपणात नांदत आहेत, आणि ही किमया क्रांतीने नव्हे, नात्यागोत्याने केली आहे. सकलातवालांना ती कितपत रुचली असती, याबद्दल मला दाट शंका आहे. जमशेटजींनी बहुधा भाच्याकडे काणाडोळा केला असता.