ऊन न दाखवायची वस्तू

आमच्या घरात कुठल्याही कुरबुरीवर पहिला उपाय म्हणजे ऊन. गाद्या, डाळी, कुबट वास मारणारे स्वेटर, सगळ्यांना आई ऊन दाखवते. त्यामुळे पावसाळ्यात कामशेतचा उडण्याचा हंगाम संपून माझा पॅराग्लायडर, म्हणजे डोंगरावरून उडायचा कापडी पंख, पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला आला, की तिचा प्रश्न ठरलेला: "गच्चीवर टाकू का?"

नेमकं तेच करायचं नसतं. ज्याचा सगळा संसार आकाशात, त्याला सूर्याचं वावडं! नायलॉनचं हे कापड चौरस मीटरला जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम भरतं. अतिनील किरणांनी त्याचा धागा कुजतो आणि त्यावरचा लेप उतरला की कापडातून हवा झिरपू लागते. पंखाला आकार देते ती आत कोंडलेली हवाच. म्हणून ओला ग्लायडर वाळवायचा तो सावलीत, वारा खेळेल अशा जागी. तेवढ्यासाठी आमचा हॉल दिवसभर अडतो. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत केशरी-निळा डोंगर, आणि पाहुण्यांनी आलंच तर कडेकडेनं यायचं.

ओल मात्र उन्हाइतकीच वाईट. दमट ग्लायडर घट्ट बांधून ठेवला की बुरशी धरते, लेपही सुटतो. बॅग सैल ठेवायची, शक्यतो पलंगाखालच्या अंधारात. गाडीच्या डिकीत तर कधीच नाही. मे महिन्यात तिथे भट्टी पेटलेली असते.

घडीचं शास्त्र पैठणीसारखंच: दर वेळी त्याच रेषेवर मोडायची नाही. पुढच्या कडेला प्लॅस्टिकच्या काड्या असतात, त्या वाकू नयेत म्हणून पंख्यासारख्या चुण्या घालून एकावर एक लावायच्या. हे काम गुडघ्यावर बसून, निवांत करायचं. उतरल्यावर भुकेल्या पोटी केलेली घडी मी घडी धरत नाही.

त्याआधी झाडणं आलं. पावसाळ्यानंतर मावळातल्या डोंगरांवर गवत वाळतं आणि कुसळं लाईन्समध्ये (पंखाला माणूस टांगणाऱ्या बारीक दोऱ्यांमध्ये), शिवणीत, मोज्यांत, कुठेही घुसतात. ती एकेक करून वेचायची. नाकतोडा आत राहिला तर जास्त महागात पडतं. कोंडला गेला की तो कापड कुरतडून बाहेरची वाट शोधतो. पोट भरायला कुरतडत असता तर एक वेळ माफ केलं असतं.

लाईन्सचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही. डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या वापरता वापरता आखडतात, आणि मागच्या दोऱ्यांवर भार कमी म्हणून त्या जास्त. फरक एखाद-दोन सेंटिमीटरचा, पण तेवढ्यानं पंख मंदावतो. अरामिड या दुसऱ्या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्यांची लांबी टिकते; त्यांना पुन्हा पुन्हा दुमडणं सोसत नाही. ही तपासणी जाणकारानं लेसर लावून करावी. घरच्या मेजरटेपवर भागवणाऱ्यांबरोबर मी वाद घालत नाही, उडतही नाही.

जुना ग्लायडर विकायला निघाला की सगळे विचारतात, "किती तास उडालाय?" टेक-ऑफवर वाऱ्याची वाट बघत तो उन्हात पसरून पडला होता, ते तास लॉगबुकात कोण लिहितो? म्हणून घेणाऱ्यानं थेट पोरोसिटीच्या, म्हणजे कापडातून हवा किती झिरपते त्याच्या, चाचणीचा कागद मागावा. विकणारा हसून विषय बदलू लागला, तर चहा पिऊन निघावं.