तुम्ही विचारलंत म्हणून: एक प्लेट खाली जाते, तर किनारा वर कसा येतो?

'एक प्लेट दुसरीखाली जाते म्हणता, मग किनारा वर कसा येतो?' व्याख्यान संपलं की कुणीतरी हे विचारतंच, तेही मला पकडल्याच्या सुरात. एकदाचं लिहून टाकते.

प्लेटा म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे. दोन्ही सांध्यावर अडकून बसतात. खालची सरकतच राहते आणि वरचीची कड सोबत ओढते. कड दबते, तिच्यामागचा भाग फुगतो. सांधा सुटला, म्हणजे भूकंप झाला, की उलटं: कड उसळते, मागचा भाग खचतो. म्हणजे खालची प्लेट जिथे आत शिरते, त्या समुद्रतळावरच्या खंदकापासून तुमचा किनारा किती लांब, यावर सगळं आलं. 26 डिसेंबर 2004 ला उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर वर आला, प्रवाळ उघडे पडून मेले. खंदकापासून जरा लांब असलेलं पोर्ट ब्लेअर त्याच भूकंपात जवळपास तेवढंच खाली गेलं.

हे समजवायला आमच्यातले बरेच जण वाकवून सोडलेल्या पट्टीचं उदाहरण देतात. मीही द्यायचे.

पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटला जमीन खचली आणि भातशेतांत भरतीचं पाणी शिरलं, ते कायमचं. तिथे जमिनीची हालचाल मोजायला जीपीएस लावताना जमलेल्यांना मी पट्टी दाखवत होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ती माझ्या हातून घेतली, स्वतः वाकवली, सोडली.

"सरळ झाली. माझं शेत कधी होणार, मॅडम?"

"येतंय वर, हळूहळू."

"किती आलं?"

"काही सेंटिमीटर."

त्याने मांडीला हात लावून पाणी कुठवर येतं ते दाखवलं. मग विचारलं, "जमीन पोराच्या नावावर करू, की राहू दे?"

मी शेकडो वर्षांच्या हिशेबात बोलणारी बाई. 'पोराला नाही, पण पुढे कधीतरी कुणाला तरी मिळेल' असं म्हणायचं होतं का? तेही खात्रीने नाही. मी अँटेनाचे स्क्रू आवळत बसले. तो थोडा वेळ थांबला, पट्टी पेटीवर ठेवली आणि गेला. इतक्या प्रश्नांत, ज्याच्या उत्तरावर कुणाचं खरोखर काही अडलं होतं, असा तो एकच.

आता कुणी म्हणेल, मग पट्टीचं उदाहरणच खोटं. अजिबात नाही. जपानचं मुरोतो टोक बघा. 1946 च्या भूकंपात ते मीटरहून जास्त वर आलं, आणि दोन भूकंपांच्या मधल्या काळात ते वर्षाला काही मिलिमीटर बुडत असतं. अगदी पट्टीसारखं. पण त्याच टोकावर सव्वा लाख वर्षांपूर्वीचा किनारा आज दीडशे मीटरहून उंच आहे. तिथे मोठे भूकंप साधारण शंभर-दोनशे वर्षांनी होतात. प्रत्येक उसळी टिकली असती तर तो हजार मीटरच्या आसपास असता, आणि पट्टी पुरती सरळ होत असती तर शून्यावर. बरीचशी उसळी परत जाते, थोडी मुरते. ती किती मुरावी हे कोण ठरवतं? खडकाचा कायमचा वाक, वरच्या प्लेटमध्ये फुटलेल्या भेगा, की खाली चिकटून राहणारा गाळ? प्रत्येक किनाऱ्यावर वेगळं उत्तर ऐकलंय.

पूर्वीची मी म्हणायची, ती उरलेली रक्कम किरकोळ. आजची मी म्हणते, डोंगर त्या किरकोळीचेच झालेत. यावर तिचंही म्हणणं आहे: माणसाच्या आयुष्यात डोंगर होत नाही, शेत मात्र बुडतं. तिला खोडून काढायला मला काही सुचत नाही.

आणि जपानमधला 2011 चा तोहोकू भूकंप. तिथला ओशिका द्वीपकल्प भूकंपाआधी दशकानुदशकं हळूहळू बुडत होता. मग मागचा भाग फुगतो तो कुठे गेला? भूकंपात तो वर यायचा सोडून आणखी मीटरभर खचला. तरी त्या किनाऱ्यावरच्या पायऱ्या, म्हणजे वर उचलले गेलेले जुने किनारे, सांगतात की दीर्घ काळात तो चढतोच आहे. भूकंपानंतर ओशिका पुन्हा वर येऊ लागलाय. जुनी पातळी गाठून थांबतो, की तिच्यापुढे जातो, की आधीच अडतो, यावर आमच्यातली निम्मी भांडणं अवलंबून आहेत.