परसातलं डुक्कर : चूल आधी, गोठा नंतर

गोव्यात किंवा तळकोकणात परसात दोन-तीन डुकरं वाढवायची म्हटलं की पहिला हिशेब गोठ्याच्या सिमेंटचा होतो. तो नंतर करा. आधी मोठं पातेलं, चूल आणि रोज तासभर जाळ चालेल इतकं सरपण जमतंय का ते पाहा. घरचं-हॉटेलचं उष्टं-शिळं हेच या धंद्यातलं स्वस्त खाद्य, आणि डुकरांचा सगळ्यात मोठा घातही त्यातूनच होतो.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा विषाणूचा ताप आपल्या देशात 2020 साली आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला. त्यावर उपचार नाही आणि रोग घुसला की दावणच्या दावण रिकामी होते. माणसाला तो होत नाही, त्यामुळे बाधित डुकराचं मांस कोणालाही न कळता ताटात येतं आणि उष्ट्याच्या बादलीतून परसात पोचतं. म्हणून शिळं नुसतं गरम करून भागत नाही. 90 अंशांवर पूर्ण 60 मिनिटं, सारखं ढवळत शिजवायचं. ढवळायचं अशासाठी, की भाताचा लगदा कडेनं रटरटत असतो तेव्हाही मधला गोळा कोमटच राहतो. कच्च्याची बादली वेगळी, शिजलेल्याची वेगळी, शक्यतो वेगळ्या रंगाची. शिजलेलं परत कच्च्याच्या बादलीत ओतलं तर तासभराचा जाळ फुकट गेला. हाडं, माशांचे काटे, टूथपिक, प्लॅस्टिक आधीच वेचून काढा. मांसाचं उष्टं टाळता आलं तर सगळ्यात बरं.

लोणचं, पापड, खारी सुकी मासळी आणि तिचं पाणी मात्र शिजवूनही घालू नका. मीठ जास्त झालं आणि त्याच दिवशी पाणी कमी पडलं की मिठाची विषबाधा होते: डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, एका जागी फिरतं, झटके येतात. अशा वेळी घाबरून एकदम भरपूर पाणी पाजलं तर मेंदूची सूज वाढते आणि जनावर जातं. डॉक्टर येईपर्यंत थोडं थोडं, दर अर्ध्या तासानं पाजायचं.

शिळ्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. त्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणजे पाच किलोच्या बादलीत सुकं अन्न जेमतेम सव्वा किलो. तेही बहुतेक भात-पाव, त्यामुळे नुसत्या शिळ्यावर वाढलेल्या डुकराच्या पाठीवर चरबीचा जाड थर येतो आणि मांस कमी निघतं. निम्मं पोट तरी कोरड्या खाद्यानं भरा. 100 किलोचं मिश्रण असं: मक्याचा भरडा 55, सोयाबीनची पेंड 18, गव्हाचा कोंडा 24.5, खनिज मिश्रण 2, मीठ अर्धा किलो. यात प्रथिनं सोळा टक्क्यांच्या आसपास बसतात. डुक्कर 50 किलोंच्या पुढे गेलं की मका 60, पेंड 10, कोंडा 27.5 करा. शिळ्यात मीठ असतंच, त्यामुळे ते चालू असेल तर मिश्रणातलं मीठ गाळा. नुसतं मिश्रण घालायचं झालं तर 12 किलोच्या पिल्लाला रोज अर्धा किलो, 25 किलोला एक ते सव्वा, 50 किलोला दोन, त्यापुढे अडीच ते तीन.

परसातलंही बरंच चालतं: उकडलेली कणी, रताळी, फणसाच्या उकडलेल्या आठळ्या, केळीचा गाभा. अळू उकडूनच, नाहीतर घशाला खाज सुटून डुक्कर तोंड लावत नाही. सोयाबीनचे कच्चे दाणे कधीच नकोत, त्यातली प्रथिनं डुकराला पचत नाहीत. पावसाळ्यात पेंड-भरड्याला बुरशी धरते, ती यकृत खराब करते. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा आणि पंधरा दिवसांपुरतंच आणा.

पिल्लं आठ आठवड्यांची, 10 ते 12 किलोंची, एकाच आईची दोन घ्या. एकटं पिल्लू खातही कमी आणि थंडीत कुडकुडतंही. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन दिलं होतं का, स्वाइन फीव्हरची (आफ्रिकन नव्हे, जुना क्लासिकल; त्याची लस आहे) लस झाली का, आणि नर खच्ची केलेत का. खच्ची करायचं ते पहिल्या तीन आठवड्यांत. न केलेला नर वयात आला की त्याच्या मांसाला तापलेल्या तव्यावर असा उग्र वास सुटतो, की मसाला कितीही घाला, जात नाही. आगोंदा गोवन ही इथली नोंदलेली देशी जात. ती काटक आहे, पण वाढते सावकाश. सहा महिन्यांत मांस हवं असेल तर यॉर्कशायर या विलायती जातीचा संकर घ्या.

गोठा दोघांना आठ बाय सहा फूट पुरतो. जमीन खरबरीत, पाण्याला उतार, भिंत चार फूट. डुकराला घाम येत नाही, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारावंच लागतं. पिण्याचं पाणी दिवसरात्र हवं. मोठं डुक्कर उन्हाळ्यात आठ-दहा लिटर सहज पितं.

एका बाबतीत मात्र तडजोड नको: माणसाची विष्ठा डुकराच्या तोंडी लागता कामा नये. गोव्यातले जुने डुकरांचे संडास म्हणूनच जायला हवे होते. पट्टकृमीची (टेपवर्मची) अंडी माणसाकडून डुकरात जातात आणि मांसात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे धरतात. तीच अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा घाणेरड्या हातांतून माणसाच्या पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात.

जूनच्या मध्याला आणलेली जोडी नाताळाला 80 किलोंच्या आसपास येते. ऑक्टोबरची एप्रिलला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या चोरिसाला (गोव्याच्या मसालेदार सॉसेजला). काटा नसेल तर टेप घ्या: पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, भागिले 14,400. घेर शंभर, लांबी शंभर असेल तर वजन सुमारे 69 किलो.

आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध दिलं असेल तर कापायच्या आधी किमान 28 दिवस जाऊ द्या. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी चालू. विकायचं असेल तर परवान्याच्या कत्तलखान्यातच न्या. केस काढायला पाणी 60 ते 63 अंशांचं हवं. उकळतं ओतलं तर केस कातडीत आवळून बसतात, मग खरवडत राहा. 80 किलोंतून 56 ते 60 किलोंचा धड निघतो.

सोरपोतेलसाठी (मांस-काळजाच्या गोवन रश्श्यासाठी) काळीज म्हणजे यकृत बाजूला काढताना उजेडात धरून बघा. वर दुधाचे थेंब सांडल्यासारखे पांढरे डाग असतील तर गोल जंत झाले होते: जंतनाशक उशिरा दिलं गेलं. त्यांची अंडी जमिनीच्या खाचांत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पुढची जोडी आणण्याआधी गोठा खरवडा, उकळत्या पाण्यानं धुवा, महिनाभर उन्हात रिकामा ठेवा. नव्या पिल्लांना जंतनाशक आल्या आठवड्यात आणि पुन्हा सहा आठवड्यांनी.