खडखड ऐकून लगेच रॅक बदलू नका

खड्ड्यातून जाताना पुढून टकटक आली की "रॅक गेला" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. (रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं डाव्या-उजव्या सरकण्यात बदलून चाकं वळवणारा भाग.) आधी टाय रॉड एंड, म्हणजे रॅकपासून चाकाकडे येणाऱ्या रॉडच्या टोकाचा जॉइंट, तपासा. तो रॅकपेक्षा कितीतरी स्वस्त असतो आणि घरी बदलता येतो.

तपासणी चाकं जमिनीवर असतानाच सुरू करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवून चावीने स्टिअरिंगचं लॉक सोडवा. एकाने स्टिअरिंग दोन-दोन बोटं इकडेतिकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने टाय रॉड एंडवर बोटं टेकवायची. जॉइंट झिजला असेल तर रॉड हलतो, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) तिथेच राहतो, आणि ठोका बोटांना कळतो. मग गाडी जॅकवर घ्या, पण खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका. चाक डावी-उजवीकडून धरून हललं तर संशय टाय रॉडवर. वर-खाली धरून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटवर. जॉइंटवरचा रबरी बूट (आवरण) फाटला असेल तर प्ले (ढिलेपणा) नसला तरी एंड बदला. पावसाळ्यात चिखलपाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं.

काढताना लॉक नट (एंडला रॉडवर घट्ट धरणारा नट) आधी पाव फेरा सैल करा, जॉइंट बसलेला असतानाच. नंतर रॉड धरवत नाही. आट्यांवर रंगाची खूण करा. स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुपाखी पिन) काढून कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट) सैल करा, पण दोन-तीन आटे अडकलेला राहू द्या. हातोडा एंडच्या बोल्टवर मारू नका, आटे बसतात. नकलच्या ज्या डोळ्यात टेपर (बोल्टचा निमुळता भाग) बसतो त्याच्या बाजूवर जोरात दोन-चार घाव घाला, टेपर सुटतो. एंड काढताना फेरे मोजून लिहून ठेवा. आट्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.5 मि.मी. असेल तर अर्ध्या फेऱ्याच्या चुकीने रिमवर टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) साधारण 2 मि.मी. बदलतो, आणि टायर एका कडेने झिजू लागतं.

नवा एंड तेवढेच फेरे बसवा. छोट्या गाड्यांत कॅसल नट साधारण 40 ते 50 न्यूटन-मीटरला आवळतात. नेमका आकडा सर्विस मॅन्युअलमध्ये पाहा. पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा आणखी आवळा, मागे कधीच फिरवू नका. पिन नवीनच घाला. रॉड फिरवावा लागला तर रॅक बूटची (रॅकच्या टोकावरच्या रबरी आवरणाची) बाहेरची क्लिप आधी सोडा, नाहीतर बूट पिळला जाऊन फाटतो.

फेरे कितीही नीट मोजले तरी त्याच दिवशी अलाइनमेंट करा. तिथे स्टिअरिंग वाकडं राहिलं तर ते दोन्ही रॉडांवरून सरळ करायला सांगा. स्टिअरिंग व्हील काढून स्प्लाइनवर (दांड्यावरच्या खाचांवर) सरकवू देऊ नका, आत एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (व्हीलसोबत फिरणारी गुंडाळलेली वायर) असते. रॅकचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून आवाज दाबायला तर मुळीच जाऊ नका: तो जास्त आवळला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही.