लॅपटॉपपासून बेंचपर्यंत

अमेरिकेत मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये नव्याने आलेल्या बहुतेक कोच तिथल्याच एखाद्या टीमकडून खेळलेल्या असतात. त्यांच्यासाठी जुन्या कोचचा एक फोन पुरतो. मी महाराष्ट्राकडून खेळले होते, पण तिकडे माझ्यासाठी फोन करणारं कुणी नव्हतं. म्हणून मी कोचना ईमेल पाठवू लागले आणि सोबत त्यांच्याच ताज्या सामन्याचं विश्लेषण जोडू लागले: पिक अँड रोल (सोबतिणीसाठी बचावपटूला अडवून मग स्वतः बास्केटकडे धावायचा डाव) कुठे चालला, डिफेन्स कुठे फुटला. नुसत्या बायोडेटाला कुणी उत्तर देत नव्हतं, याला देऊ लागले. त्यातूनच ग्रॅज्युएट असिस्टंटची, म्हणजे शिकता शिकता टीमसाठी काम करायची, जागा मिळाली. मास्टर्सची फी माफ, शिवाय भाडं आणि किराणा भागेल एवढा स्टायपेंड. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यामुळे अभ्यास आणि टीम यांचं वेळापत्रक काटेकोर बसवावं लागलं.

काम फिल्मचं. प्रतिस्पर्ध्याचे सामने बघायचे, प्रत्येक पझेशन (चेंडू एका टीमकडे असेपर्यंतचा खेळ) टॅग करायचं, क्लिप कापून कोचला द्यायच्या. मी २४ सेकंदांच्या शॉट क्लॉकवर वाढले, म्हणजे चेंडू हाती आल्यावर तेवढ्या वेळात बास्केटवर फेकायचा. इथे मुलींच्या कॉलेजात २०१५-१६ पासून दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर आले, पण शॉट क्लॉक ३० सेकंदांचाच आहे. त्या जादा सहा सेकंदांत पहिला डाव अडवला गेला तरी दुसरा उभा राहतो. आमचा डिफेन्स नेमका तिथे ढिला पडत होता. मी तेवढ्याच क्लिप वेगळ्या काढून दाखवल्या, तेव्हापासून कोच मला मीटिंगमध्ये बोलू देऊ लागल्या.

शिकवण्याची पहिली संधी मात्र मुलांनी दिली. इथे मुलींच्या टीमचा सराव कॉलेजातल्या मुलांविरुद्ध होतो. मुलं प्रतिस्पर्ध्याची सोंगं घेतात: एक त्यांची पॉइंट गार्ड, एक सेंटर. सरावाआधी थोड्या वेळात त्यांना समोरच्या टीमचे सेट, म्हणजे ठरलेले डाव, शिकवायचं काम माझ्याकडे आलं. कमी शब्दांत, कोर्टवर उभं राहून, पटकन दुरुस्त करत. मला वाटतं, कोचिंग मी तिथेच शिकले.

विद्यार्थी व्हिसामुळे पदवीनंतर नोकरीसाठी एकच वर्षाची मुदत होती. २०२३ मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, डिव्हिजन वन या वरच्या स्तरातल्या बास्केटबॉल टीमना आणखी दोन कोच ठेवायची मुभा दिली, पण कॅम्पसबाहेर जाऊन खेळाडू निवडायचा हक्क त्यांना नव्हता. जागा निघाल्या, अर्जही वाढले. एका मुलाखतीत ‘तू इथे कुठे खेळलीस?’ यापुढे बोलणं सरकलंच नाही. फायनल फोरच्या, म्हणजे कॉलेज स्पर्धेच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यांच्या, दिवसांत कोचेस असोसिएशनचं अधिवेशन असतं, तिथे मी माझ्या क्लिप घेऊन भेटत राहिले. मुख्य कोच बदलली की अख्खा स्टाफ बदलतो, त्यामुळे वसंतातच खरी हालचाल असते.

मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या नावाजलेल्या कोच पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून यायच्या होत्या आणि २२ व्या वर्षीच मुख्य कोच झाल्या. व्हॅन चालवणं, युनिफॉर्म धुणं सगळं त्यांनीच केलं. शेवटी १,०९८ विजय. पण शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याआधी मुलींच्या कॉलेज टीमच्या दर दहा कोचपैकी नऊहून जास्त बायका होत्या. पुढे पगार वाढले, पुरुष आले आणि हे प्रमाण निम्म्याखाली गेलं. हे मला फार खुपतं.

डब्ल्यूएनबीए या बायकांच्या व्यावसायिक लीगमध्ये मुख्य कोचच्या जागा तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तरी नॅटली नकासे एनबीए या पुरुषांच्या लीगमधल्या क्लिपर्स टीममध्ये व्हिडिओच्या कामापासून वर आल्या आणि २०२५ मध्ये नव्या गोल्डन स्टेट वाल्किरीजच्या कोच म्हणून वर्षातल्या सर्वोत्तम कोच ठरल्या. मी त्यांचं नाव मुलाखतीत मुद्दाम घेत असे.

आता मी डिव्हिजन टू या खालच्या स्तरातल्या एका छोट्या कॉलेजात असिस्टंट कोच आहे. या स्तरात मुलींच्या बास्केटबॉल टीमला दहा पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढीच मर्यादा आहे, पण ती रक्कम तुकड्यांत वाटता येते. कुणाला किती द्यायचं, हे आईवडिलांसमोर बसून समजावणं माझ्याकडे आहे. फिल्मही अजून मीच कापते.