लक्ष ठेवा

13 जानेवारी 2024, शनिवार. संक्रांत सोमवारी होती, त्यामुळे सकाळपासून मांज्याने कापलेले पक्षी येत होते. टेबलावर घार, बाहेर दोन कबुतरं, आणि खोकणाऱ्या लॅब्राडॉरचा मालक दर पाच मिनिटांनी दारातून डोकावत होता. त्या गर्दीत काका आले. हातात वेताची करंडी, तोंडावर जुनं लुगडं आवळून बांधलेलं, आत त्यांची मांजर ठमी. इंदूरच्याच लोकमान्य नगरातून ई-रिक्षाने आले होते, करंडी सगळी वाट मांडीवर.

लुगडं सोडलं तशी वास आला. फुटलेल्या गाठीचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. ठमीला आडवी केली. डावीकडच्या मागून दुसऱ्या स्तनाशी गाठ, वरची कातडी फाटून ओली झालेली. आणि ठमी घुरघुरत होती. मांजर खुशीत असली की घुरघुरते हे अर्धंच खरं आहे, दुखत असतानाही घुरघुरते.

"केव्हापासून आहे?" मी विचारलं. कुणालाही विचारते तसंच.

काकांनी पिशवीतून लसीचं कार्ड काढलं. 24 जून 2023. खाली माझंच अक्षर होतं: 'डावीकडे लहान गाठ. लक्ष ठेवा.'

मला तो दिवस आठवला. पावसाची सर, बाहेर रांग, ठमी बोचकारत होती. बोटाला तूरडाळीएवढं काहीतरी लागलं होतं. महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात पहिल्या वर्षापासून घोकलेलं की कुत्रीच्या स्तनातल्या गाठी निम्म्या साध्या निघतात, मांजरीच्या मात्र दहातल्या आठ-नऊ कॅन्सरच्याच. तिथल्या तिथे सुई टोचून पेशी काचेवर घ्यायला दहा मिनिटं लागली असती. घेतल्या नाहीत. रांगेचं कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, पण खरं कारण वेगळं होतं. काकांच्या पायातली शिवलेली चप्पल मी पाहिली, आणि तपासणी, मग ऑपरेशन, यांना कुठे परवडणार, हे त्यांच्या वतीने मीच ठरवून टाकलं. त्यांना विचारलंसुद्धा नाही.

"मी लक्ष ठेवलं," काका म्हणाले, आणि लाल कापडाची बही टेबलावर ठेवली.

काका हुकुमचंद मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायचे. मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली, पण हात काही बंद पडला नाही. बहीत दर रविवारची नोंद होती. तारीख, गाठ स्टीलच्या पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये, आणि वजन. वजन गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर, आधी ठमीसकट करंडी, मग रिकामी करंडी, वजाबाकी शेजारी. शेवटच्या रकान्यात पट्टीवर भरवसा नसल्यासारखं शब्दांत लिहिलेलं: तूरडाळ. तूरडाळ. हरभरा. वाटाणा. बोर. दिवाळीच्या रविवारी, 12 नोव्हेंबरला, सुपारी.

मी बोट खाली सरकवत गेले. काय शोधतेय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मांजरीची गाठ 2 सेंटिमीटरच्या आत असताना त्या बाजूचे सगळे स्तन काढले, तर मांजर कितीतरी वेळा तीन वर्षं आणि त्याहून जास्त जगते. 3 च्या पुढे गेली की गोष्ट महिन्यांवर येते. 22 ऑक्टोबर, दसऱ्याच्या आधीचा रविवार: 21 मि.मी. त्याच्या आधीच्या रविवारी 18. परवाच्या रविवारी, 7 जानेवारीला, 34. वजन 4.2 वरून 3.1 किलो.

"काका, मधे आणलं का नाही?"

"तुम्ही लक्ष ठेवा म्हणालात. आणा असं नाही म्हणालात. पुढची लस जूनमध्ये होती."

आवाजात तक्रार नव्हती, तेच जड गेलं. हल्ली मी कार्डावर तो शब्द लिहीत नाही. गाठ सापडली की त्याच दिवशी सुई. मालक नको म्हणाला तर नको म्हणाला, पण ते त्याने म्हणायचं.

छातीचे एक्स-रे काढले, दोन्ही कुशींवर आणि एक सरळ, कारण एकाच बाजूने काढला तर लहान डाग हृदयामागे लपतात. ते लपले नव्हते. फुप्फुसांत चार गोल डाग, हरभऱ्याएवढे. रक्तात क्रिएटिनिन 2.6, म्हणजे मूत्रपिंडंही थकलेली.

फिल्म उजेडावर लावून मी बोलायला लागणार, तोच काका म्हणाले, "मिलचा पैसा आला, डॉक्टर."

इंदुरात हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. बत्तीस वर्षं कामगारांची देणी अडकली होती. 25 डिसेंबरला 224 कोटींचा चेक निघाल्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती. त्यांच्याबरोबरचे कितीतरी जण तो पाहायला उरले नव्हते. काकांनी पासबुकही आणलं होतं. ते बहीवर ठेवलं, उघडून, माझ्याकडे तोंड करून.

"ऑपरेशन करून टाका."

पैसे नाहीत म्हणणाऱ्याशी बोलायची मला सवय आहे. त्यात दोघांनाही आडोसा असतो. इथे आडोसा नव्हता. मी सांगितलं की डावी बाजू काढता येईल, पण फुप्फुसातलं तिथेच राहील आणि टाके भरायलाच दोन आठवडे जातील. शिरेतून द्यायचं लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, तीन-तीन आठवड्यांनी देतात, पण मांजरीत ते मूत्रपिंडांवर जातं आणि ठमीची आधीच दमली आहेत. तिसरा रस्ता म्हणजे जखम स्वच्छ ठेवायची, दुखणं कमी करायचं, भूक जागी ठेवायची.

"पण तिची नसबंदी केली होती."

केली होती, सातव्या वर्षी. सहा महिन्यांच्या आत केली तर हा धोका नव्वद टक्क्यांच्या आसपास कमी होतो. दोन वर्षांनंतर पिल्लं थांबतात, या बाबतीत फायदा जवळपास नाही. हे मी त्यांना सांगितलं खरं, पण सांगताना त्यांच्याकडे न बघता फिल्मकडे बघत होते.

"जूनमध्ये केलं असतं तर?"

हा प्रश्न येणार हे मला कार्ड पाहिल्यापासून माहीत होतं. "वाचण्याची बरीच शक्यता होती," मी म्हटलं. "मी तेव्हाच सुई घालायला हवी होती. माझी चूक झाली."

बाहेर लॅब्राडॉर खोकला. काकांनी पासबुक मिटून खिशात घातलं. ठमीच्या कानामागे एक बोट फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कापायला नको मग. दुखायला नाही पाहिजे, बस." आणि मग, "तापाची गोळी अर्धी देत होतो, ती चालेल?"

माझ्या पोटात गोळा आला. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, तिच्या यकृताला ते पचवताच येत नाही, अर्ध्या गोळीतही जीव जातो. नीट विचारलं तेव्हा कळलं, देणार होते, अजून दिली नव्हती. बायकोने हात धरला होता. काकूंना मी अजून भेटलेले नाही, पण त्या दिवशी मनातल्या मनात नमस्कार केला.

गालाच्या आत सोडायचं दुखण्याचं औषध दिलं, मापाची सिरिंज दिली, ड्रेसिंग शिकवलं. जाताना काकांनी बही उघडली. "आता मोजू नको?"

"गाठ नका मोजू. तीन गोष्टी लिहा. खाल्लं का, अंग चाटलं का, मांडीवर आली का."

त्यांनी तिथेच, माझ्या टेबलावर, पट्टीने तीन रकाने आखले.

अकरा आठवडे झाले. 30 मार्चला, रंगपंचमीला, सहा वाजता फोन आला. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघायच्या आत पोचले, नंतर रस्ते बंद होतात. ठमी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोत्यावर होती, श्वास पोटातून घेत. त्या सकाळच्या रकान्यांत पहिल्या दोन फुल्या होत्या, तिसऱ्यात बरोबरची खूण. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. ती काकांच्या मांडीवरच झोपली, मग शिरेतलं. लांबून ढोल-ताशे ऐकू यायला लागले होते.

काकांनी पट्टी मागितली. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या, हिशोब बंद करताना ओढतात तशा.

"तुमचे किती झाले?"

मी या वेळी चपलेकडे पाहिलं नाही. पूर्ण आकडा सांगितला. त्यांनी नोटा दोनदा मोजून दिल्या आणि पावती मागून घेतली.