उत्तरेची खोली, पश्चिमेचा हॉल: रंग ठरवतानाचा माझा अनुभव

पुण्यातल्या फ्लॅटचे रंग ठरवताना शेडकार्ड मी सगळ्यात शेवटी उघडलं. आधी दिवे बदलले. घरभर ६५०० केल्विनच्या (हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) पांढऱ्याफेक एलईडी ट्यूब होत्या, आणि त्या उजेडात क्रीम रंगाचा उबदारपणाच निघून जातो. बेडरूममध्ये ३००० आणि हॉलमध्ये ४००० केल्विनचे दिवे घेतले, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं शंभरपैकी माप) ९० किंवा जास्त असलेले. भिंती रंगवून मग दिवे बदलले, तर निवडलेली शेड रात्री वेगळीच दिसते.

उत्तरेच्या बेडरूममध्ये वर्षाचा बराच काळ थेट ऊन नसतं, आकाशाचा निळसर उजेड तेवढा येतो. (आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भरदुपारीही उत्तरेला असतो, पण त्यातले निम्मे दिवस ढगातच जातात.) अशा खोलीत कार्डावरचा देखणा करडा भिंतीवर निळा पडतो. तिथे पिवळसर झाक असलेला ऑफव्हाइट घेतला. पश्चिमेच्या हॉलमध्ये चारनंतर नारिंगी ऊन येतं, त्यात पीच भडक होतो. हिरवट करडा मात्र छान निवतो. झाक ओळखायची तर शेडचा तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवायचा. कार्डावर शेजारी दुसऱ्या शेड असतात, त्या डोळ्याला फसवतात.

नमुना थेट भिंतीवर लावू नये. भोवतीचा जुना रंग नव्याला बदलून दाखवतो, आणि ते ठिगळ पुढे वरच्या रंगातूनही उठून दिसू शकतं. मी दोन बाय दोन फुटांच्या हार्डबोर्डवर प्रायमरचा एक आणि इमल्शनचे (भिंतीच्या पाण्यात कालवायच्या रंगाचे) दोन हात दिले, कडेने दोन इंच पांढरी पट्टी सोडली. ओलं इमल्शन सहसा फिकट दिसतं, वाळल्यावर गडद होतं, म्हणून निर्णय दुसऱ्या दिवशी. बोर्ड खिडकीसमोरच्या भिंतीला, खिडकीच्याच भिंतीला आणि कोपऱ्यात असा फिरवून सकाळी, दुपारी, पाचच्या सुमारास आणि रात्री दिव्याखाली पाहिला. खिडकीची भिंत सगळ्यात काळवंडते, कारण उजेड तिच्या पाठीमागून येतो. चारही भिंती एकाच रंगात गेल्या की त्या एकमेकींवर रंग फेकतात आणि शेड बोर्डापेक्षा गडद वाटते. त्यामुळे आवडलेल्या शेडपेक्षा शेडकार्डावरच्या त्याच पट्टीतली एक पायरी फिकी घेतली. खिडकीबाहेर दाट झाड किंवा शेजारच्या इमारतीची रंगीत भिंत असेल, तर तिचीही छटा आत येते. हे कुठलंच शेडकार्ड सांगत नाही.

खिडकीला लागून असलेल्या लांब भिंतीवर उजेड तिरका पडतो, तिथे चमक असलेला रंग पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. तिथे मॅटच. प्रायमरआधी रात्री टॉर्च भिंतीला समांतर धरली की खड्डे लगेच कळतात. पेन्सिलीने खूण करून पुट्टी भरून घ्यावी, पॉलिश पेपर मारावा.

दहा बाय बाराच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीच्या भिंती ४१८ चौरस फूट होतात. दार-खिडक्या वजा जाता साधारण ३५०. चांगल्या इमल्शनचा एक लिटर गुळगुळीत भिंतीवर दोन हातांत १२० ते १४० चौरस फूट पुरतो, म्हणजे तीन लिटर. चारचा डबा घेतला. एकाहून जास्त डबे लागले तर ते एकाच वेळी मशीनवर बनवून घ्यावेत आणि मोठ्या बादलीत एकत्र करावेत, नाहीतर भिंतीच्या मध्येच फरक दिसतो. पेंटर पाणी सढळ हाताने घालतो. डब्यावर लिहिलं आहे तेवढंच मापून घालायला लावावं, नाहीतर तिसरा हात लागतो. उरलेल्या डब्यावर शेडचा नंबर, बेस (ज्यात मशीन रंगद्रव्य मिसळतं तो मूळ रंग) आणि तारीख लिहून ठेवली आहे.